डब्याचं सोंग

हे कोणाला खरं वाटायचं नाही, पण त्या दिवशी सकाळी शहरातल्या सगळ्या टाक्या एकदम वाकल्या. सिमेंटच्या टाक्या नव्हेत. त्या आपापल्या जागी ठणठणीत उभ्या होत्या. वाकल्या त्या पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममधल्या पडद्यावरच्या. तिथे काळ्या खिडकीत एका ओळीत एक टाकी अशी यादी असते, डावीकडे टाकीचं नाव आणि उजवीकडे पार टोकाला पाण्याची पातळी. रोज पट्टीनं आखल्यासारख्या दिसणाऱ्या या ओळी त्या दिवशी मधोमध झोळ खाऊन लोंबत होत्या, ओल्या चादरी वाळत घातल्यावर दोरी लोंबते तशा. आणि झोळाच्या तळाशी, नजर टेकवावी नेमकी तिथे, कोणीतरी ओला अंगठा फिरवल्यासारखा करडा डाग. बंडलकाकांनी रुमालानं पडदा पुसला. मग चष्मा पुसला. मग, कोणी बघत नाही अशी खात्री करून, डोळे पुसले. डाग हलला, पण पडद्याबरोबर नाही, त्यांच्या नजरेबरोबर. टेकडीच्या टाकीकडे बघावं तर टेकडी पुसलेली. गिरणीच्या टाकीकडे बघावं तर टेकडी परत जागेवर आणि गिरणी गायब. ज्याच्याकडे बघू ते नाहीसं करणारी नजर आपल्याला मिळाली आहे, ही बातमी त्यांच्या छातीत हळूहळू उतरली, आणि भीतीच्या आधी तिथे जाऊन पोचलं ते आश्चर्य.

बंडलकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते ऑफिसनं ठेवलेलं आणि त्यांनी पदवीसारखं मिरवलेलं. मोठ्या जलवाहिनीत एक मासा राहतो, त्याला पाणी सोडायच्या वेळा पाठ आहेत आणि त्याप्रमाणे तो वस्त्या बदलतो, हे त्यांनी एका नव्या साहेबांना इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं की साहेबांनी जाळी बसवायचा प्रस्ताव लिहायला घेतला होता. आपल्या एका शिंकेनं अख्खा पंप बंद पडला होता, हेही ते सांगत, आणि ऐकणारे आता त्यात सूचना करत की काका, मागच्या वेळी दोन शिंका होत्या. पण या सगळ्या थापांच्या तळाशी त्यांचा एक नियम होता आणि तो ऑफिसला ठाऊक होता: पाण्याच्या पातळीबद्दल बंडल नाही. मासा कितीही मोठा होवो, टाकी किती भरली आहे असं विचारलं की काका दिसेल तेवढंच सांगायचे, आणि त्यांच्या त्या एका शब्दावर पलीकडे रस्त्यात चावी फिरायची, नळांना पाणी जायचं. अशा माणसाला दिसेनासं झालं तर उरलं काय? उजवा डोळा गेल्या वर्षीच रजेवर गेला होता. त्याचं काम डावा बिनबोभाट उरकत होता, म्हणून काकांनी घरी बायकोलाही कळू दिलं नव्हतं. आज डाव्यानंही अर्ज टाकला.

त्यांना आई आठवली. तिचे डोळे असेच गेले होते, मधून, कडा शाबूत ठेवून. समोरच्याचं तोंड बघायचं तर ती त्याच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे बघायची, आणि घरी आलेले पाहुणे वळून भिंतीकडे बघायचे. कोणी तिच्याशी वाईट वागलं नाही, हेच काकांना आजवर छळत होतं. सगळ्यांचं तिच्यावर प्रेम होतं. प्रेमानंच तिच्या हातातली सुई काढून घेतली, मग विळी, मग शेगडी, आणि दर वेळी एकच वाक्य: तू बस गं, आम्ही करतो. शेवटी ती खिडकीपाशी खुर्चीत बसली ती बसलीच. लोक तिच्याशी मोठ्यानं बोलायला लागले, जणू डोळ्यांबरोबर कानही गेले. मग तीच खिडकीतून दिसणाऱ्या गोष्टी सांगायला लागली. आज समोरच्या गल्लीत डोंगर आलाय, निळा, पाठीवर ढग घेऊन. लहानपणी ते धावत बघायला जायचे. समोर शिंप्याचं दुकान असायचं, वर त्याची वाळत टाकलेली निळी लुंगी. आई खोटं बोलत होती की तिला खरंच डोंगर दिसत होता, हे त्यांना कधीच ठरवता आलं नाही; पण थापा मारण्याची विद्या आपल्याला कुठून आली, ते ठाऊक होतं. तू बस गं. तुम्ही बसा काका, आम्ही करतो. हे वाक्य या खोलीत, या खुर्चीमागे, नव्या पिढीच्या एखाद्या प्रेमळ तोंडात तयार होऊन बसलं असेल, फक्त बोलायचं बाकी असेल, असं त्यांना वाटलं आणि मानेवर गार वारा लागल्यासारखं झालं.

म्हणून त्यांनी दोष पडद्यावरच्या खिडकीला दिला. डोळ्यांना काय धाड भरली आहे. अक्षरंच बारीक आहेत. ही खिडकी म्हणजे टर्मिनल, आणि तिच्याशी काकांचं जे नातं होतं ते इतर कोणाला नुसतं कॉम्प्युटरचं काम वाटायचं. काका नोकरीला लागले तेव्हा टर्मिनल ही खिडकी नव्हती, वस्तू होती: पोट सुटलेला काचेचा डबा, दोघांनी उचलावा लागणारा, वरची बाजू एवढी ऊबदार की तिच्यावर चहाचा कप ठेवला तर निवायचा नाही. आत हिरवी अक्षरं. त्यांना शिकवणारे हेडऑपरेटर त्या डब्यावर थाप मारून म्हणायचे की हा बिनडोक आहे, याला स्वतःचं काही येत नाही. अक्कल पलीकडच्या खोलीतल्या मोठ्या यंत्राला, ते सांगेल तिथे हा अक्षर काढतो, बस. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते आजही कामावर बसताना काकांच्या अंगावर काटा आणायचं. म्हणाले, तू बटण दाबलंस ना, ते अक्षर तुला लगेच दिसतं असं तुला वाटतं. तसं नाही. ते आधी भिंतीतून पलीकडे जातं, यंत्र ते घेतं, आणि परत पाठवतं. तेव्हा कुठे तुला दिसतं. तरुण काकांनी एक बटण दाबलं होतं आणि हिरवं अक्षर उगवलेलं पाहून हात मागे घेतला होता. म्हणजे इथे दिसणारी प्रत्येक गोष्ट दूर जाऊन आलेली आहे. कोणाला तरी भेटून आलेली आहे. घरी जाताना रस्त्यावरच्या दिव्यांकडे बघून त्यांना वाटलं होतं की हेसुद्धा असंच असेल, आपण बघतो, ती नजर तिथपर्यंत जाते, कोणीतरी ती घेतं, आणि मगच दिवा दिसतो. हे त्यांनी त्या वेळी कोणाला सांगितलं नाही. थाप वाटली असती.

पुढे ते डबे भंगारात गेले. मोठं यंत्र राहिलं, त्याच्यातला टाक्यांचा जुना प्रोग्रॅम राहिला, कारण तो हलवायची कोणाची छाती झाली नाही. आणि डब्याच्या जागी सपाट पडद्यावर ही खिडकी आली. पहिल्या दिवशी त्यांनी ती उघडली आणि नवीन साहेबांना विचारलं की यंत्राला कळलं का डबा गेला ते. साहेब म्हणाले, त्याला कशाला कळायला हवं. यंत्र विचारतं, कोण आहेस तू? आणि ही खिडकी त्या जुन्या डब्याचं नाव सांगते. यंत्राचा विश्वास बसतो. मग ते डब्याला द्यायच्या त्याच आज्ञा देतं, इथे सरक, इथे पूस, इथून उजळ कर, आणि खिडकी इमानेइतबारे डब्याचं सोंग वठवते. डब्यात जी घंटी होती ती या खिडकीत नाही, तरी यंत्रानं वाजव म्हटलं की कुठून तरी वाजवते. काका ते ऐकून बराच वेळ खुर्चीत मागे रेलून राहिले होते. मेलेल्या वस्तूचं नाव सांगून रोज हजर होणारी, आणि ज्याच्याशी बोलते त्याला आयुष्यभर पत्ता लागू न देणारी ही थापाडी, आणि तिच्या त्या एका थापेवर शहराचं पाणी चालतं. त्यांना आपल्याच जातीचं कोणी भेटल्यासारखं वाटलं. एखाद्या मोठ्या नटासमोर गावातल्या सोंगाड्यानं मान खाली घालावी, तशी त्यांनी मनातल्या मनात घातली.

तर त्या सकाळी त्यांनी खिडकीची सेटिंगची फाईल उघडली. ती उघडायला डोळे लागत नाहीत, बोटांना वाट पाठ होती. साध्या ओळी असतात तिच्यात: डावीकडे गोष्टीचं नाव, उजवीकडे तिचं मोल. अक्षराचं वळण, अक्षराचा आकार, शाईचा रंग, पाठीमागचा रंग, दोन ओळींमधली फट, लुकलुकणारा चौकोन लुकलुकावा की स्थिर राहावा. ओळ बदलून फाईल जपून ठेवली की खिडकी तिथल्या तिथे कात टाकते. काकांनी आकार थोडा वाढवला. डाग तेवढाच. अजून वाढवला. अक्षरं गल्लीतून चौकात आली. त्यांनी काळ्यावरचा करडा रंग काढून जुन्या डब्याचा हिरवा लावला, मग मधासारखा पिवळा, मग उलटं करून पाहिलं, साईच्या रंगावर काळी शाई, आणि खिडकी एकदम सकाळच्या अंगणासारखी पसरली. हे सगळं ते घाबरूनच करत होते; पण हात आकार वाढवत गेले तशी भीती कुठेतरी बाजूला बसून राहिली, आणि ते नुसतेच बघत राहिले.

कारण अक्षर एवढं मोठं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आयुष्यभर अक्षरांतून पलीकडे बघितलं होतं, जसं आपण दारातून घरात जातो आणि दार बघत नाही. आता शून्य समोर उभं होतं विहिरीच्या कठड्यासारखं, आणि त्याच्या पोटात एक तिरकी रेघ होती. ही रेघ रोज तिथे होती. कोण्या अनोळखी माणसानं, कुठल्या तरी खोलीत बसून, शून्य आणि इंग्रजी ओ यांच्यात कोणाची फसगत होऊ नये म्हणून ती ओढली होती, आणि काका तिच्यावरून वर्षानुवर्षं आभार न मानता गेले होते. एकाच्या आकड्याला पायाशी पाट होता. साताच्या कमरेला आडपट्टी होती. प्रत्येक अक्षराला, सडपातळ असो की जाडजूड, अगदी सारख्या रुंदीची खोली दिलेली. टिंबालासुद्धा एक अख्खी खोली, मधोमध एकटंच बसलेलं. एवढा न्याय त्यांनी कुठल्या वस्तीत पाहिला नव्हता. आणि मग ती गोष्ट घडली जिच्यासाठी त्यांच्याकडे शब्द नव्हता. ते शून्याकडे बघायचं सोडून त्याच्या वरच्या रिकाम्या जागेकडे बघायला लागले, आणि शून्य आलं. पूर्ण. कडेनं, न बोलावता, मांजर यावं तसं. डोळ्याच्या कोपऱ्यात आजवर फक्त दारं, माणसं, येणारी वाहनं असायची; तिथे आता वाचता येत होतं. सरळ बघितलं की पुसलं जातं, दुर्लक्ष केलं की हजर होतं. आई भिंतीकडे का बघत होती ते त्यांना आत्ता, या वयात, अंगातून कळलं. ती भिंतीकडे बघत नव्हती. ती त्यांचं तोंड बघत होती, आणि त्यासाठी तिला सगळ्यांसमोर वेडं दिसणं पत्करावं लागत होतं. काकांनी रुमालानं डोळे पुसले, आणि त्याच वेळी हसूही आलं. खोलीत पंखा फिरत होता, पलीकडच्या टेबलावर कोणीतरी सुट्टीबद्दल बोलत होतं, आणि इकडे एका माणसासमोर आकडे देवळाच्या खांबांएवढे उभे होते आणि तो त्यांच्या माथ्यावरून रिकाम्या आभाळाकडे टक लावून त्यांना बघत होता.

या आनंदातच ती चूक झाली. आता ही चूक कळायला एवढंच लक्षात ठेवावं लागतं की मोठ्या यंत्रातला प्रोग्रॅम जुन्या डब्यासाठी लिहिलेला आहे. डब्यात एका ओळीत जेवढी अक्षरं मावायची तेवढी मावतातच, असं तो धरून चालतो. काकांनी अक्षरं फुगवली तशी खिडकीत ती थोडी मावायला लागली, पण यंत्राला कोण सांगणार? खिडकीनं तर त्याला आपण डबा आहोत असं शपथेवर सांगितलेलं. यंत्र लांब ओळ पाठवत राहिलं. ओळीच्या टोकाची पातळी जागेअभावी मोडून खालच्या ओळीत एकटी पडायला लागली. नाव वर, आकडा खाली, पुन्हा नाव, पुन्हा आकडा. आणि यादी आता दुप्पट लांब झाल्यामुळे तिचं पहिलं नाव वर सरकून खिडकीबाहेर गेलं. राहिला सगळ्यात वर त्याचा आकडा, बेवारशी. काकांनी सगळ्यात वर आकडा पाहिला, त्याच्याखाली नाव पाहिलं, आणि दोघांचं लग्न लावून टाकलं. तिथून खाली प्रत्येक टाकीला शेजारणीचं पाणी मिळालं. डब्यावर काम केलेल्या माणसाला हे सुचूच शकत नाही, डब्यात अक्षर फुगत नसे. आणि नव्या माणसानं एवढं मोठं अक्षर कधी केलंच नसतं. ही चूक जगात फक्त त्यांच्याच्यानं होऊ शकत होती.

त्यांनी रस्त्यावरच्या चावीवाल्याला फोन लावला, आणि त्या खुशीत आवाजही तरुण झाला. टेकडीची टाकी रिकामी आहे, सोड तिला. दवाखान्याची भरली आहे, बंद कर. चावीवाला जरा घुटमळला, म्हणाला टेकडीला मी सकाळीच सोडलं होतं. काका म्हणाले की पडद्यावर आहे तेच मी सांगतो, आणि चावीवाल्यानं पुढे विचारलं नाही. पातळीच्या बाबतीत काकांना दुसऱ्यांदा विचारायची पद्धत नव्हती. पुढचं सगळं अर्थातच झालं. टेकडीची भरलेली टाकी ओसंडली, पाणी पायऱ्यापायऱ्यांच्या रस्त्यानं खाली उतरलं. आणि दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला की नळ खोकतायत, आम्हाला ऑपरेशनसाठी पाणी लागणार आहे. फोन घेतला तो शिफ्टच्या इंजिनिअर मॅडमनी. काका त्यांना ट्रेनी असल्यापासून ओळखत होते. माशाची गोष्ट पहिल्याच दिवशी ऐकून त्याची पैदास कुठे होते असा उलट प्रश्न विचारणारी तीच एकटी. मॅडमनी आवाज न चढवता पंपावर फोन केला, दवाखान्याची लाईन आधी उघडवली, मग टेकडी बंद करवली. ऑपरेशन थांबलं नाही. हे सगळं होईपर्यंत काका खुर्चीत सरळ बसून होते आणि त्यांच्यासमोर साईच्या रंगाच्या उजेडात खांबांएवढे आकडे तितकेच सुंदर दिसत होते. त्यांना लाज वाटली ती त्याची. मघाची भीती, जी कोपऱ्यात बसून होती, ती उठून शेजारी येऊन बसली. आता एक वाक्य खरं बोललं की संपलं. तुम्ही बसा काका.

दुपारी चावीवाला गुडघ्यापर्यंत भिजलेली विजार घालूनच आत आला. म्हणाला, काका, टेकडीवाल्यांना आज नदीच दिलीत तुम्ही. एक बाई तर धुणं घेऊन बसली. खोलीत हशा पिकला, चहा आला, आणि सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या, कारण एवढ्या मोठ्या घोटाळ्याला काकांकडे तेवढीच मोठी गोष्ट असणार. मॅडम काकांच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या होत्या, त्यांचाच कीबोर्ड पुढ्यात घेऊन काहीतरी टाईप करत होत्या. खिडकी पुन्हा काळी झाली. अक्षरं आक्रसून बारीक होऊन ओळीत बसली, डावीकडे शब्द, उजवीकडे आकडे, आणि मधोमध झोळ.

काकांनी कप खाली ठेवला. म्हणाले, तुमचा विश्वास बसायचा नाही, पण आज यंत्राला कळलं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपण डब्याशी बोलतोय. आज सकाळी त्यानं रोजच्यासारखं विचारलं, कोण आहेस, खिडकीनं रोजच्यासारखं नाव सांगितलं, आणि यंत्र गप्प झालं. असं कधी झालं नव्हतं. मग त्यानं विचारलं, तू जर डबा आहेस, तर तुझ्यावर ठेवलेला चहा गरम आहे का? खिडकीला काय उत्तर देता येणार? तिला ना डोकं ना कप टेकवायला जागा. तेव्हा यंत्र रडलं. अहो, मी घंटी ऐकली, सारखी वाजत होती. आणि रडता रडता त्यानं एकीचं पाणी दुसरीच्या पदरात टाकलं. रडताना माणसाचं तरी काय वेगळं होतं? काका बोलत होते आणि गोष्ट आपोआप पुढे उलगडत होती, आणि तिच्यात आपण काय सांगतोय हे त्यांनाच अर्धवट कळत होतं. जणू त्यांनी दाबलेलं अक्षर कुठेतरी लांब जाऊन, कोणाला तरी भेटून, दुसरंच होऊन परत येत होतं. हसणारे हसायचे थांबले होते. चावीवाल्यानं विजारीचं पाणी पिळता पिळता हात थांबवला.

"मग आता शांत झालं का ते, काका?" त्यानं विचारलं. "आता तरी बरोबर सांगतंय ना पातळ्या?"

काका पडद्याकडे वळले. काकांनी बोट उचललं आणि पहिल्या ओळीवर ठेवलं. करड्या डागात बोटाचं टोक नाहीसं झालं, तरी ते न थांबता ओळीवरून सरकत गेलं, आणि आवाज फोनवर लागायचा तसाच लागला, पक्का आणि संथ. टेकडी, काठोकाठ. बोट खाली. गिरणी, निम्म्याला थोडी कमी. बोट खाली. शाळेची टाकी, सुट्टी झाली आहे, पाऊण. दुपारच्या या वेळेला शहर किती पाणी पितं ते त्यांच्या अंगात होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते न दिसलेली पातळी सांगत होते, आणि ती इतकी खरी वाटत होती की त्यांना स्वतःला टाक्या दिसायला लागल्या, पडद्यावर नव्हे, त्याच्या मागे, उन्हात, आतलं पाणी भिंतींवर उजेड हलवत असलेल्या. दवाखाना, ते म्हणाले, चढतेय. छान चढतेय. पाव झाली.

मॅडमनी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर घेतले.

"काका," त्या म्हणाल्या, "ही टाक्यांची यादी नाहीये. तुम्ही काय बदललंत ते बघायला मी सेटिंगची फाईल उघडली होती. ती तशीच उघडी आहे. यात नुसतं अक्षर केवढं आणि रंग कुठला एवढंच लिहिलंय. पाणी कुठेच नाही."